डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन : शिशाच्या विषाचा माग काढणाऱ्या डॉक्टर



विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना शिसं हा धातू शिकवतो. जड, मऊ, करड्या रंगाचा, अणुअंक ८२. उपयोग विचारले की मुलं पटापट सांगतात : बॅटरी, रंग, डाख, बंदुकीची गोळी. पण हाच धातू धुळीतून किंवा रंगाच्या पोपड्यातून लहान मुलाच्या पोटात गेला तर काय होतं, हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. शिशामुळे होणारं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. रक्त तपासलं तरच ते कळतं. म्हणून काही देशांत एक-दोन वर्षांच्या मुलांच्या रक्तातलं शिसं ठरलेल्या वेळी मोजण्याचा नेम आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीत हा नेम मोडला आणि अमेरिकेत लाखो मुलांची तपासणी राहून गेली.

हा नेम का महत्त्वाचा आहे हे समजून घ्यायचं असेल, तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊन एका डॉक्टरबाईंचं चरित्र वाचायला हवं. त्यांचं नाव डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन. कुणी आजारी नाही असं सगळे सांगत असताना आजारी माणसं शोधून काढायची, त्यांची नोंद करायची आणि ती नोंद घेऊन मालकांसमोर आणि सरकारसमोर उभं राहायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. चला, त्यांची ओळख करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. बालपण मात्र इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी गेलं. चार बहिणी आणि एक धाकटा भाऊ असं भरलेलं घर. थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून नावारूपाला आली. आईवडिलांना गावातली शाळा पसंत नव्हती, त्यामुळे मुलींचं शिक्षण घरीच झालं. भाषा, साहित्य, इतिहास भरपूर; गणित आणि विज्ञान मात्र जवळजवळ नाहीच. नंतर त्या कनेक्टिकटमधल्या मुलींच्या एका शाळेत काही वर्षं शिकल्या.

याच सुमारास वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार बुडाला. मुलींनी आपापल्या पायावर उभं राहायचं ठरवलं. अ‍ॅलिस यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, ते विज्ञानाची आवड होती म्हणून नव्हे. डॉक्टर झालं की जगात कुठेही जाता येईल आणि जिथे जाऊ तिथे उपयोगी पडता येईल, असा त्यांचा विचार होता. विज्ञानाचा पाया कच्चा असल्यामुळे त्यांनी आधी गावातल्या एका शिक्षकाकडे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून घेतलं. मग मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८९३ साली त्या डॉक्टर झाल्या.

पुढे जर्मनीत लाइपझिग आणि म्युनिक इथे जीवाणूशास्त्र आणि रोगनिदानशास्त्र शिकायला गेल्या. तिथल्या विद्यापीठांत तेव्हा स्त्रियांना रीतसर प्रवेश नव्हता. व्याख्यानाला बसायचं, पण कुणाच्या नजरेत येणार नाही असं बसायचं, ही अट. बाईंनी ती मान्य केली आणि शिकून घेतलं.

हल हाऊसमधली वर्षं

१८९७ साली शिकागोमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची नोकरी मिळाली. शिकागोत त्या राहायला गेल्या हल हाऊसमध्ये. जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ साली गरीब वस्तीच्या मधोमध सुरू केलेलं हे सेवाकेंद्र. शिकले-सवरलेले लोक तिथे राहायचे आणि आजूबाजूच्या वस्तीसाठी काम करायचे. वस्ती होती इटली, ग्रीस, पोलंड, रशिया अशा देशांतून पोट भरायला आलेल्या कामगारांची. हॅमिल्टनबाई तिथे बावीस वर्षं राहिल्या.

दिवसा महाविद्यालयात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या बाळांसाठी दवाखाना चालवायचा, असा त्यांचा दिनक्रम. हा दवाखाना आजारी बाळांपुरता नव्हता. बाळ धडधाकट असलं तरी आईने ते घेऊन यावं, त्याला अंघोळ घालावी, त्याची वाढ नीट होते आहे ना हे पाहून घ्यावं, अशी त्यामागची कल्पना. आपल्या अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचं वजन घेतात, त्यातलाच हा प्रकार. आजार दिसण्याआधी बघायचं, ही सवय बाईंना इथे लागली.

इथेच त्यांना एक मोठा धडाही मिळाला. १९०२ साली शिकागोत विषमज्वराची साथ आली. हल हाऊसच्या आसपासच्या वस्तीत रुग्ण फार होते. शहराचं पाणी सगळीकडे सारखंच, मग इथेच एवढे रुग्ण का? बाईंनी उघड्या संडासांवरच्या माश्या पकडल्या, तपासल्या आणि माश्यांमुळे रोग पसरतो असा निष्कर्ष मांडला. त्यांचं कौतुक झालं. आरोग्य खात्यावर टीका झाली. पण काही काळाने खरं कारण बाहेर आलं. वस्तीला पाणी देणारी मुख्य जलवाहिनी फुटली होती आणि तीन दिवस तिच्यात सांडपाणी मिसळत होतं. खात्याने ही गोष्ट दडवून ठेवली होती. बाईंनी आपला निष्कर्ष चुकला हे उघडपणे मान्य केलं आणि आत्मचरित्रातही ते लिहून ठेवलं. अधिकारी जे सांगत नाहीत तेही शोधावं लागतं, हे त्या इथे शिकल्या.

शिशाची ओळख

वस्तीतल्या कामगारांच्या घरी जाता-येता बाईंना काही गोष्टी खटकू लागल्या. तिशी-पस्तिशीतला माणूस, पण म्हाताऱ्यासारखा वाळलेला. कुणाचं मनगट लुळं पडलेलं, हात उचलला की पंजा खाली लोंबतो. कुणाच्या पोटात असह्य कळा. चौकशी केली की कळायचं, हा रंगाच्या कारखान्यात होता, तो शिसं वितळवण्याच्या भट्टीवर.

याच काळात इंग्लंडचे डॉक्टर थॉमस ऑलिव्हर यांचं धोकादायक उद्योगांवरचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. युरोपात या विषयावर कायदे होते, तपासनीस होते. अमेरिकेत काहीच नव्हतं. तिथले डॉक्टर आणि कारखानदार सांगायचे, आमचे कारखाने चांगले आहेत, आमच्याकडे हा आजारच नाही. आजार नाही म्हणायला त्यांच्याकडे पुरावा काय होता? एवढाच, की कुणी मोजलं नव्हतं.

१९१० साली इलिनॉय राज्याने कामामुळे होणाऱ्या आजारांची पाहणी करायचं ठरवलं आणि ती जबाबदारी हॅमिल्टनबाईंवर आली. अमेरिकेतली अशा प्रकारची ही पहिलीच पाहणी. बाईंनी स्वतःकडे शिशाचा विषय घेतला.

हात धुवायचा प्रश्न नव्हता

पाहणी करायची तर कशी? कारखान्याच्या दप्तरात आजारी कामगारांची नोंद नव्हती. आजारी पडला की माणूस काम सोडून जायचा आणि त्याच्या जागी दुसरा यायचा. म्हणून बाईंनी कारखान्याबाहेरून सुरुवात केली. दवाखान्यांतले जुने कागद चाळले. डॉक्टरांना, औषधविक्रेत्यांना, कामगार पुढाऱ्यांना भेटल्या. कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांशी बोलल्या. कारखान्यात मालकासमोर कामगार तोंड उघडत नसे, पण घरी चुलीजवळ बसून त्याची बायको सगळं सांगत असे.

एक प्रसंग मुलांना सांगण्यासारखा आहे. रुग्णालयात त्यांना एक पोलिश कामगार भेटला. शिशाच्या विषबाधेची लक्षणं अगदी स्पष्ट. काम काय, तर अंघोळीच्या टबांना इनॅमल चढवायचं. बाई त्या कारखान्यात गेल्या. त्यांना एका खोलीत नेऊन काम दाखवण्यात आलं. तिथल्या रंगात शिसं नव्हतं. त्या बुचकळ्यात पडल्या आणि पुन्हा त्या कामगाराकडे गेल्या. तेव्हा कळलं की त्यांना दाखवलेली जागा शेवटचा हात फिरवण्याची होती. खरं इनॅमल दुसरीकडेच चढवलं जायचं. तिथे भट्टीतून लालभडक टब बाहेर काढायचा आणि त्यावर इनॅमलची पूड भुरभुरायची. ती पूड हवेत उडायची आणि कामगार ती श्वासावाटे घ्यायचा. बाईंनी त्या पुडीचा नमुना मिळवून तपासला. त्यात भरपूर शिसं निघालं.

मालक लोक सांगायचे, कामगार हात न धुता जेवतात, म्हणून आजारी पडतात, चूक त्यांचीच. बाईंनी दाखवून दिलं की मुख्य धोका हवेतली धूळ आणि वाफ यांचा आहे. हात कितीही धुतले तरी श्वास घेणं थांबवता येत नाही. म्हणून धूळच उडू द्यायची नाही, हे मालकाचं काम आहे. आजारी माणसाला दोष देण्याऐवजी आजाराचं मूळ शोधायचं, ही त्यांची पद्धत आजही तितकीच लागू पडते.

या पाहणीत शिसं वापरणारी सत्तरहून अधिक कामं सापडली आणि विषबाधेचे ५७८ रुग्ण नोंदले गेले. आजारच नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं. १९११ साली इलिनॉयमध्ये कायदा झाला. मालकांनी सुरक्षेचे उपाय करायचे आणि धोकादायक कामांवरच्या कामगारांची दर महिन्याला डॉक्टरकडून तपासणी करायची, असं त्यात ठरलं. दर महिन्याला हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. शिशाची बाधा हळूहळू चढते, म्हणून एकदा बघून चालत नाही.

देशभर भटकंती

त्यानंतर केंद्र सरकारच्या कामगार विभागाने बाईंना देशभर अशीच पाहणी करायला सांगितलं. गंमत अशी, की त्यांना कारखान्यात शिरण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार नव्हता. मालकाने फाटकातून परत पाठवलं तर परत फिरायचं. तरीही साध्या पोशाखातली ही मृदू बोलणारी बाई फाटकाशी उभी राहायची, विनंती करायची आणि बहुतेक वेळा आत जायची. शिसं वितळवण्याच्या भट्ट्या, सफेद्याचे कारखाने, बॅटरीचे कारखाने, मातीच्या भांड्यांना चकाकी देणारे कारखाने त्यांनी पायाखाली घातले.

एकदा एका मोठ्या शिसे कंपनीचे अधिकारी एडवर्ड कॉर्निश त्यांना म्हणाले की माझे कामगार आजारी आहेत यावर माझा विश्वास नाही, पण तुम्ही सिद्ध केलंत तर सांगाल ते करीन. बाई परत गेल्या आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्या २२ कामगारांच्या नोंदी घेऊन आल्या. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ आणि वाफ कमी करणाऱ्या सुधारणा केल्या आणि कामगारांसाठी डॉक्टर नेमले. भांडणापेक्षा नोंदवहीने जास्त काम केलं.

१९१९ साली त्यांनी शिशाच्या उद्योगांत काम करणाऱ्या स्त्रियांवर स्वतंत्र अहवाल लिहिला. शिसं आईच्या शरीरातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, गर्भपात होतात, जन्मलेली बाळं दगावतात, हे युरोपातल्या नोंदींवरून तेव्हा माहीत झालं होतं. शिसं हा फक्त कामगारांचा प्रश्न उरला नव्हता.

हार्वर्डमधल्या पहिल्या बाई

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाने त्यांना सहायक प्राध्यापक म्हणून बोलावलं. उद्योगांतल्या आजारांविषयी त्यांच्याइतकं जाणणारं दुसरं कुणी अमेरिकेत नव्हतं, म्हणून त्यांना घेणं भाग होतं. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण तिथे तेव्हा वैद्यकशास्त्र शिकायला मुलींना प्रवेशही नव्हता. बाईंनाही अटी घातल्या गेल्या. प्राध्यापकांच्या क्लबमध्ये यायचं नाही, फुटबॉल सामन्याची तिकिटं मागायची नाहीत आणि पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. १९३५ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हाही सहायक प्राध्यापकच होत्या. सोळा वर्षांत एकही बढती नाही. स्वतःच्या बढतीपेक्षा त्यांनी अर्धं वर्ष मोकळं मिळावं ही अट महत्त्वाची मानली होती, कारण त्या काळात त्यांना कारखाने पाहायचे होते.

पेट्रोलमधलं शिसं

१९२०च्या दशकात मोटारगाड्यांच्या इंजिनाची धडधड कमी करण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळायला सुरुवात झाली. त्याचं नाव टेट्राएथिल लेड. १९२४च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत ते तयार करणाऱ्या ठिकाणी कामगारांना भ्रम होऊ लागले आणि पाच जणांचा मृत्यू झाला. ओरड झाली, विक्री थांबवली गेली आणि २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सरकारने परिषद बोलावली.

हॅमिल्टनबाई तिथे विरोधात बोलल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. कारखान्यात तरी धूळ आवरता येते. पण गाडीच्या धुरातून रस्त्यारस्त्यावर पडणारं शिसं कोण आवरणार? जिथे शिसं वापरलं गेलं तिथे कधी ना कधी विषबाधा आढळलीच आहे, मग देखरेख कितीही कडक असो. तेव्हा दुसरा पर्याय शोधा, असा त्यांचा आग्रह होता.

सरकारने समिती नेमली. समितीने काही महिन्यांत गॅरेजमधल्या कामगारांना आणि चालकांना तपासलं आणि बंदी घालण्याइतका पुरावा नाही असं जानेवारी १९२६मध्ये सांगितलं. त्याच समितीने असंही सुचवलं होतं की थोड्या काळात परिणाम दिसले नाहीत म्हणून ते पुढे होणारच नाहीत असं नाही, तेव्हा सरकारने अभ्यास चालू ठेवावा. विक्री पुन्हा सुरू झाली, पण सरकारी अभ्यास मात्र चालू राहिला नाही. पुढची कित्येक वर्षं हा विषय बहुतांशी उद्योगांनी पैसे दिलेल्या संशोधकांच्याच हाती राहिला.

तोपर्यंत मुलांचे रुग्णही पुढे येऊ लागले होते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४मध्येच मुलांमधल्या विषबाधेचं मूळ घराच्या व्हरांड्याच्या रंगात आहे असं दाखवलं होतं. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये १९१४ साली पाळण्याचा रंग कुरतडलेल्या मुलाची नोंद झाली. पण कारखान्यातला कामगार निदान बोलू शकत होता. दीड वर्षाचं बाळ काय सांगणार?

अखेरचा काळ

निवृत्तीनंतर बाई कनेक्टिकटमधल्या हॅडलाइम गावी नदीकाठच्या घरात बहिणीबरोबर राहिल्या. कामगार खात्याला सल्ला देत राहिल्या. १९४३ साली आत्मचरित्र लिहिलं. २२ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या १०१व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यानंतर तीनच महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा देशव्यापी कायदा झाला आणि जानेवारी १९७१मध्ये घरातल्या रंगातल्या शिशापासून मुलांना वाचवण्याचा कायदा झाला. त्या दोन्ही गोष्टी पाहायला बाई नव्हत्या.

बाईंच्या मागे : दात, शिक्षक आणि रक्ताचा थेंब

१९७९ साली डॉ. हर्बर्ट नीडलमन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि दातांतलं शिसं मोजलं. वर्गशिक्षकांना दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल प्रश्न विचारले : लक्ष टिकतं का, सांगितलेलं क्रमाने करतो का, चटकन वैतागतो का? शिक्षकांना दातांतल्या शिशाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तरी ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांच्याबद्दल शिक्षकांच्या तक्रारी जास्त निघाल्या आणि बुद्धिमापनातही ती मुलं मागे दिसली. ही मुलं आजारी वाटत नव्हती. वर्गात ती फक्त बेशिस्त किंवा मंद समजली जात होती. आपण शिक्षकांनी हे वाक्य दोनदा वाचावं असं मला वाटतं.

याच सुमारास गोष्टी बदलू लागल्या होत्या. १९७८मध्ये अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली. पेट्रोलमधलं शिसं हळूहळू कमी करत १९९६पर्यंत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंद झालं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या लहान मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसं असायचं. ते आज एकच्याही खाली आलं आहे. जास्त शिसं कुणाला म्हणायचं याची पातळी १९९१मध्ये १०, २०१२मध्ये ५ आणि २०२१मध्ये ३.५ इतकी खाली आणली गेली. सुरक्षित अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही.

तरी जुन्या घरांतला रंग, जुने नळ आणि माती यांत शिसं आहेच. म्हणून बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मुलांची तपासणी करतात. गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या मुलांची ती बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात व्हावी असा नियमच आहे. याच नेहमीच्या नोंदींमुळे मिशिगनमधल्या फ्लिंट शहरातला प्रकार २०१५मध्ये उघड झाला. शहराने पाण्याचा स्रोत बदलला होता आणि पाणी ठीक आहे असं अधिकारी सांगत होते. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी बदलाच्या आधीचे आणि नंतरचे मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले. जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आधीची नोंदच नसती, तर तुलना कशाशी करणार?

साथ आली आणि नेम मोडला

आता २०२०कडे येऊ. मार्चपासून दवाखान्यांनी तातडीच्या नसलेल्या भेटी थांबवल्या. पालकही बाळाला घेऊन बाहेर पडायला घाबरत होते. त्यात त्यांची चूक नव्हती. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने नंतर हिशेब मांडला. २०१९च्या जानेवारी ते मे या महिन्यांशी तुलना करता २०२०च्या त्याच महिन्यांत ३४ टक्के कमी मुलांची तपासणी झाली. म्हणजे सुमारे ४ लाख ८० हजार मुलं कमी. त्यांतल्या साधारण ९,६०० मुलांच्या रक्तात शिसं जास्त असावं आणि ते कळलंच नाही, असा त्यांचा अंदाज आहे.

त्यात वाईट भाग असा, की याच काळात मुलं चोवीस तास घरात होती. पोपडे निघालेल्या रंगाचं घर असेल तर धोका घरातच होता. घरांची पाहणी करणारे कर्मचारीही येऊ शकत नव्हते. पुढे २०२१मध्ये तपासणीच्या एका प्रचलित उपकरणाचे संच परत मागवावे लागले, कारण ते प्रत्यक्षापेक्षा कमी शिसं दाखवत होते.

कुणी विचारेल, साथ संपल्यावर तपासलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. बाळ रांगतं, प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, तो काळ एक ते दोन-अडीच वर्षांचा. मेंदू झपाट्याने वाढतो तोही हाच काळ. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत, महिन्यांत कमी होत जातं आणि हाडांत-दातांत जाऊन बसतं. उशिरा तपासलं तर आकडा कमी दिसू शकतो, पण झालेलं नुकसान भरून येत नाही. त्यावर औषध नाही. वेळेत कळलं तर शिसं येतं कुठून ते शोधून बंद करता येतं, एवढंच आपल्या हातात असतं. आणि तपासणी चुकली की कागदावर रुग्ण कमी दिसतात. शंभर वर्षांपूर्वी कारखानदार आमच्याकडे हा आजारच नाही म्हणत होते, तोच भास पुन्हा तयार होतो.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात २००० सालापासून पेट्रोल शिसेमुक्त झालं. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम २०१७पासून लागू आहे. पण मुलांच्या रक्तातलं शिसं ठरलेल्या वेळी मोजण्याचा देशव्यापी कार्यक्रम आपल्याकडे नाही. युनिसेफच्या २०२०च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एका मुलाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे आणि भारतात अशा मुलांची संख्या सुमारे साडेसत्तावीस कोटी आहे. जुन्या बॅटऱ्या फोडण्याची कामं, जुना रंग, चकाकीसाठी भेसळ केलेली हळद, काही स्वस्त रंगीत खेळणी ही त्याची काही कारणं. साथीत त्यांची तपासणी मोडली, आपल्याकडे तर मोडायला नेमच नव्हता. वजन-उंची आणि शाळेतली आरोग्य तपासणी मात्र आपल्याकडेही थांबली होती. ती पुन्हा नियमित झाली आहे ना, हे आपण विचारायला हवं.

घरी आणि वर्गात काय करता येईल?

१. भिंतीचे, खिडकीचे, पाळण्याचे पोपडे निघाले असतील तर कोरडं खरवडू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या. मुलाला तिथे खेळू देऊ नका.
२. बॅटरी, रंगकाम, डाख देणं अशा कामावरून घरी आलेल्या माणसाने कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच बाळाला घ्यावं.
३. लोह आणि कॅल्शियम असलेला आहार द्या. नाचणी, दूध, पालेभाजी, डाळी. पोट भरलेलं आणि शरीरात लोह पुरेसं असलं की शिसं कमी शोषलं जातं.
४. घराजवळ धोका आहे अशी शंका असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा.
५. वर्गात लक्ष न लागणाऱ्या प्रत्येक मुलाला शिशाची बाधा असते असं मुळीच नाही. पण मुलावर शिक्का मारण्याआधी तो कुठे राहतो, घरचे काय काम करतात, शेवटची आरोग्य तपासणी कधी झाली, एवढं विचारायला पाच मिनिटं पुरतात.
६. सातवी-आठवीच्या मुलांना शिसं शिकवताना टबाच्या कारखान्याची गोष्ट सांगा आणि विचारा : बाईंनी दाखवलेल्या खोलीवरच विश्वास ठेवला असता तर काय झालं असतं?

मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. जमलं तर त्यांच्याकडून ती वहीत लिहूनही घ्या.